एकविसावा माणूस

लाँच सुटायच्या बेतात होती आणि माझे सासरे हिरड्याची गोणी घेऊन चढले.

एरवी यात विशेष काही नव्हतं. डिंभे धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वाड्यांना घोडेगावच्या बाजाराला यायचं तर आमची लाँच, नाहीतर डोंगराला वळसा घालून अर्ध्या दिवसाची पायपीट. चढेल त्याला घ्यायचं, हीच रीत. पण त्या दिवशी केबिनमध्ये माझ्या शेजारी मुंबईहून आलेले परीक्षक साहेब उभे होते. माझी सारंगाची परीक्षा चालू होती. सारंग म्हणजे लहान बोटीचा कॅप्टन. जुने सारंग रिटायर होत होते. मी नापास झालो, तर लाँच काठाला बांधून राहणार होती.

तोंडी परीक्षा सकाळी धडाधड दिली होती. आता प्रॅक्टिकल.

"चला, निघा," साहेब म्हणाले. चेहरा कोरा.

सवयीनं हात गिअरवर गेला. तेवढ्यात बाहेर वाकून पाहिलं. बोटीच्या अंगावर एक पांढरा पट्टा असतो, भार किती घ्यायचा त्याची ती खूण. पट्टा पाण्याखाली गेला होता. माणसं मोजली. परवानगी विसाची, निघाली एकवीस. पुन्हा मोजली, तरी एकवीस. आणि शेवटी चढलेले सासरे पुढं गोणीवर ऐसपैस बसलेले.

दुसऱ्या कुणाला उतरवलं असतं, तर अख्खी लाँच म्हणाली असती, आधी सासऱ्याला उतरव. इंजिन बंद करून पुढं गेलो.

"मामा, एक माणूस जास्त झालंय. तुमी शेवटी चढलात. उतरावं लागंल. दुसऱ्या खेपेला नेतो."

"पोरगी दिली तुमाला, जावई! आन मलाच चारचौघांत खाली उतरवता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या की राव, म्हातारं माणूस. कितीसं वजन हाय!"

"बुडाली तर समदे घरचेच हायती," मी म्हणालो.

सासरे उतरले. मी गोणी उचलून द्यायला गेलो, तर तीही हिसकावून घेतली. पट्टा वर आला. साहेबांनी सांगितलं तशी लाँच वळवली, मागं घेतली, पलीकडे लावली.

"कोण होते ते?" उतरताना साहेबांनी विचारलं.

"सासरे."

साहेब पहिल्यांदा हसले. "लायसन मिळेल. जेवायला मिळतंय का, ते बघा."

दुसऱ्या खेपेला गेलो, तर सासरे काठावर नव्हते. गोणी घेऊन घरी परतले होते. मला फार वाईट वाटलं. बायको आठ दिवस बोलली नाही.

पुढच्या बाजारी सासरे सगळ्यांच्या आधी काठावर हजर. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चढायच्या फळीपाशी उभे राहून एकेकाला मोजून आत सोडत होते. स्वतःला पहिला धरलं होतं. वीस भरले, तशी काठी आडवी घातली. एकविसावा तणतणायला लागला.

"मला माझ्या जावयानं उतरवलंय," सासरे गरजले, "तू कोन लागून गेलास?"

त्यानंतर मला कधी माणसं मोजावी लागली नाहीत. नव्या सारंगांना मी एवढंच सांगतो: पहिला नकार घरच्या माणसाला द्या. बाकीचे आपोआप उतरतात.