दसऱ्याला जोडलेला कॉम्प्युटर

झेंडूचा वास आला की मला पॉवर सप्लाय आठवतो. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात त्या दसऱ्याला माझा पहिला कॉम्प्युटर जोडून तयार होता. एकेक पार्ट निवडताना चांगल्या प्रोसेसरच्या हट्टापायी मी पॉवर सप्लाय हलक्यातला घेतला होता. "बघ हां, हा उडाला तर सगळं घेऊन जाईल," दुकानदाराचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. आईने ट्रॅक्टरची पूजा आटोपली, मग कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटलाही हळद-कुंकू लावलं, फुलं वाहिली, अक्षता टाकल्या आणि म्हणाली, "कर आता चालू." मी बटण दाबलं आणि आतून जोरात खडखड सुरू झाली. पॉवर सप्लाय उडाला, असंच वाटलं. मी कॅबिनेटवर झेपावलो आणि आई माझ्यावर. एका हाताने मला मागे ढकलत तिने प्लग उपटला. "फुटलं असतं म्हणजे? लागलं असतं ना रे तुला!" ती ओरडली. कॅबिनेटमधला पंखा थांबला, तशा पात्यांत अडकलेल्या तिच्याच अक्षता खाली पडल्या. आता मी लोकांना कॉम्प्युटर जोडून देतो, पण पहिल्यांदा बटण दाबताना तो हळदीचा हात अजून छातीला लागतो.