मॉरिशसला जायचं, पण बाळूला विचारून

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या खात्यात, काम केलेल्या माणसाच्या बुटाच्या तळात पत्र्याचे बारीक तुकडे रुततात. कुणी मुद्दाम रुतवत नाही. घरी येऊन बूट झटकावा तर सात-आठ निघतात, आणि एखादा राहिलेला असतो तो बायकोच्या पायात घुसतो. किस्स्यांचं तसंच आहे. गोळा करायला कुणी जात नाही, पण बसलं की निघतात.

आता मी सांगणार म्हटल्यावर निम्मे लोक आधीच म्हणतील, "गुलाब्या सांगतोय ना? मग थापा!" म्हणा! माझी सातवी गेलेली, शाळेनं मला सोडलं तेव्हा हेडमास्तरांनी पेढे वाटले असतील. आख्ख्या जन्मात मी कुणाचा डबा सरळ उघडू दिला नाही, कुणाच्या हेल्मेटमध्ये पाणी भरायचं सोडलं नाही. पण खाली जे लिहितोय त्यात माझा हात कुठं आहे ते मी आपणहून सांगतो. बाकीच्या ठिकाणी माझ्याकडं बघू नका. माझ्याकडं बघून बघूनच आमच्या लोकांच्या माना अवघडल्यात!

* * *

आम्ही चौघं चाकणच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला. मी, कोकणातला सावंत, चाकणच्या अलीकडच्या गावातला ज्ञानोबा आणि साताऱ्याकडचा बाळू. रिटायर झालो तरी सकाळी तळवड्याच्या चहाच्या टपरीवर हजेरी लावायचोच.

परदेशाचं खूळ बाळूचं. त्याला कुणीतरी सांगितलं की मॉरिशसला पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहतात. झालं! बाळू म्हणाला, "आपल्याला लंडन-बिंडन नको. परदेशात गेलं तर भांडण मराठीत करता आलं पाहिजे!"

सावंत म्हणाला, "माका इमानात बसूक भीती वाटता."

ज्ञानोबा म्हणाला, "तिथं काय पिकतं?"

"ऊस," बाळू म्हणाला.

"ऊस बघाय समुद्र वलांडायचा व्हय? माझ्या बांधावर ये की, फुकाट दावतो!"

असं वर्षानुवर्षं चाललं. चौघांपैकी एकाकडंही पासपोर्ट नाही, पण समुद्रात आधी कोण उतरणार यावरून दोनदा अबोला झाला. आणि एके सकाळी बाळू चहाचा कप घेऊन खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. कप हातात तसाच. एक थेंब सांडला नाही, असं सुशीलावहिनी सांगतात.

वहिनी त्यानंतर रावेतच्या फ्लॅटच्या बाहेर पडेनात. लेक तळेगावला दिलेली, तिकडंही जाईनात. खाली सोसायटीच्या बागेत बसा म्हटलं तरी नाही. दोन घास खायच्या, भिंतीकडं बघायच्या. लेकीनं आमच्यापुढं हात जोडले, "काका, आईला कसंही करून बाहेर काढा. ती अशीच संपेल."

आम्ही तिघं गेलो की वहिनी फक्त एकच विचारायच्या, "त्या मॉरिशसचं काय झालं?"

हा धागा मी पकडला. म्हटलं, "वहिनी, जाऊया! तुम्ही आणि आम्ही तिघं."

वहिनींनी मान हलवली. "यांना विचारल्याशिवाय मी कधी उंबरा ओलांडला नाही, भावजी. यांनी जा म्हटलं तर जाईन."

आता आली का पंचाईत! गेलेल्या माणसाचा होकार आणायचा कुठून? बाकीच्या दोघांनी माझ्याकडं बघितलं. ज्ञानोबा म्हणाला, "गुलाब्या, ह्ये तुझ्याच खात्यातलं काम हाय."

तिथंच ठरलं. वहिनी आल्या तर सगळे जाणार, नाहीतर कुणीच नाही.

* * *

पहिला डाव माझा होता, कबूल! मी एक नंदीबैलवाला गाठला. त्याला शिकवून ठेवलं: बाई खाली आल्या की विचारायचं, "बाईंनी परदेशी जावं का, धन्याची मर्जी हाय का?" आणि बैलानं मान खाली-वर हलवायची. बस्स.

रावेतच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. हातात मोबाईल. "व्हिजिटर किती?"

"तीन."

"तिसऱ्याचं नाव?"

"नंदी."

"आडनाव?"

शेवटी बैल गेटबाहेरच उभा केला. देवाचा बैल दारात आलाय म्हटल्यावर वहिनी कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा खाली उतरल्या. दाराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून. बैलापुढं सुपातलं धान्य धरलं. नंदीबैलवाल्यानं गुबूगुबू वाजवलं, पाठ केलेला प्रश्न विचारला.

बैल हलेना. ना हो, ना नाही. मान उचलून वर चौथ्या मजल्याकडं बघत राहिला. दोरी ओढली, थोपटलं. बैल वरच बघतोय.

नंदीबैलवाल्यानं मला बाजूला घेतलं, दिलेली नोट माझ्या खिशात परत कोंबली. "नको राव. माझं जनावर माझं ऐकत न्हाई आज. ते गॅलरीतले पावणे हात दाखवून थांब म्हणत्यात त्याला."

"कुठल्या गॅलरीतले?"

"ती काय, जिथं हिरवी साडी वाळतीय."

हिरवी साडी वहिनींची. फ्लॅट वहिनींचा. कुलूपबंद.

मी वर बघितलं नाही. मी वात्रट आहे, पण एवढा शूर नाही!

वहिनी मात्र शांतपणे बैलाच्या कपाळाला हळद लावून म्हणाल्या, "मुक्या जनावराला कशाला कोड्यात टाकता, भावजी? यांचं उत्तर हे देतील."

* * *

तोवर सावंताची भीती घालवायचं काम काढलं. त्याच्या हॉलमध्ये भर दुपारी विमान बांधलं! खुर्च्या एकामागं एक लावल्या, ज्ञानोबाच्या जुन्या जीपचे पट्टे आणून पोटाला बांधले. पायलट अर्थात मी. स्वयंपाकघरात कुकर ठेवलेला, शिट्टी झाली की विमान सुटणार.

आमच्या खात्यात एक रीत होती. मोठ्या प्रेसच्या पोटात शिरून दुरुस्ती करायची, मग सगळे बाहेर आले की प्रत्येकानं आपलं नाव ओरडून द्यायचं. "सावंत बाहेर!" "ज्ञानोबा बाहेर!" सगळी नावं आल्याशिवाय बटणाला कुणी हात लावायचा नाही. एक नाव कमी म्हणजे एक माणूस आत, आणि वर शेकडो टनांचा लोखंडी जबडा. बाळू हत्यारं गोळा करून निघायचा, म्हणून त्याचं नाव नेहमी शेवटी.

ही सवय हाडात मुरलेली. हायवे ओलांडला तरी आम्ही पलीकडं जाऊन नावं देतो, लोक येडे समजतात.

तर विमान सुटायच्या आधी मी ओरडलो, "गुलाब बाहेर!"

"ज्ञानोबा बाहेर!"

"सावंत बाहेर!"

आणि सावंत पट्ट्यातल्या पट्ट्यात वळून मागच्या रिकाम्या खुर्चीकडं बघायला लागला. "बाळून काय सांगल्यान, आयकलात?"

आता सावंत ठार बहिरा आहे हे सांगायचं राहिलं. प्रेसच्या आवाजानं त्याचे कान कधीच गेलेत, आणि कानाचं मशीन तेव्हा टीव्हीपाशी चार्जिंगला लावलेलं होतं. आमचंही ओरडणं तो ओठ बघूनच समजत होता. आम्हा दोघांना काहीएक ऐकू आलं नव्हतं.

ज्ञानोबानं त्याच्यापुढं जाऊन तोंड वासून विचारलं, "काय म्हनला बाळू?"

"सांगल्यान, 'बाळू आत!'"

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी उठलो आणि गॅस बंद केला. माणूस आत असताना आम्ही आजवर मशीन सुरू केलेलं नाही.

ज्ञानोबानं माझी गचांडी धरली, "गुलाब्या, तुझंच काम ह्ये!"

अरे, बहिऱ्याला ऐकू जाईल असा आवाज काढता आला असता तर मी फिटर कशाला राहिलो असतो?

* * *

ज्ञानोबाचा वेगळाच प्रकार. वहिनींचा होकार नव्हता, पण याची बॅग भरून तयार! तिकडं काय मिळेल कुणाला माहीत, म्हणून बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, लोणच्याची बरणी, वर एक गोधडी. "आरं, तिथं उकडतं," म्हटलं, तर म्हणे, "गोधडीबिगर मला झोप न्हाई."

विमानात वजनाची मर्यादा असते हे कळल्यावर बॅग मोजायला आम्ही चाकणच्या भंगारवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं मोठा इलेक्ट्रॉनिक काटा. वाटेत ज्ञानोबा लघवीला उतरला, तेवढ्यात मी गोधडीत वीट सरकवली. चांगली पक्की वीट! हाही हात माझाच.

काट्यावर बॅग ठेवली. वजन मर्यादेच्या आत! ज्ञानोबा खूश, मी गार. घरी त्यानं धान्याच्या काट्यावर एकेक जिन्नस तोलून बेरीज केली होती, त्यापेक्षाही कमी. म्हटलं, काटा बिघडलाय. भंगारवाला चिडला, आकडा शून्यावर आणून पुन्हा ठेवली. तेवढंच.

मग मला राहवेना. बॅग उघडून सगळ्यांच्या देखत वीट बाहेर काढली. ज्ञानोबानं चार शिव्या दिल्या, बॅग परत काट्यावर टाकली.

वजन वाढलं!

वीट घातली की कमी, काढली की जास्त. भंगारवाल्यानं काट्याखाली वाकून बघितलं, काही अडकलंय का. काही नव्हतं. तो उठला तो हात पुसत उठला, हाताला काही लागलेलं नसताना.

ज्ञानोबानं बॅगेचा पट्टा धरून ती उचलून बघितली. मग हळूच म्हणाला, "जड वझं दिसलं की खालनं हात लावायची खोडच हुती त्याला."

भंगारवाला म्हणाला, "कुणाला?"

आम्ही वीट तिथंच ठेवून निघालो. त्यानं ती अजून विकली नाही.

* * *

पण होकार काही येईना. ट्रॅव्हल एजंटनं मॉरिशसच्या एका घरमालकीणबाईंचा नंबर दिला होता. समुद्राजवळ घर, वरच्या खोल्या पाहुण्यांना देतात. बाई मराठी, कितव्या तरी पिढीच्या. त्यांची भाषा इतकी धुतलेली, की पहिल्या फोनला ज्ञानोबा दचकला, "आयला, रेडिओ लागला का काय!"

बाई भल्या, पण त्या तरी किती दिवस थांबणार? शेवटी त्यांनी कळवलं, "आज सायंकाळपर्यंत सांगावे. अन्यथा खोल्या मला दुसऱ्यांना द्याव्या लागतील."

त्या दुपारी आम्ही तिघं वहिनींकडं जाऊन बसलो. लेकही आली होती. समजावलं, विनवलं. सावंताच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, "तुमची माया कळते. पण यांनी काही सांगितलं नाही अजून. नाही म्हणून टाका त्यांना."

मी नाइलाजानं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. नकार द्यायला तोंड उघडणार, तर बाईच बोलायला लागल्या.

"बरे झाले, आपण फोन केलात. खोली सिद्ध आहे. आपले गृहस्थ काल पाहूनही गेले."

मी म्हटलं, "कोण गृहस्थ?"

"आपल्याकडचेच. म्हणाले, मी त्यांच्याबरोबरचा. त्यांनी पलंग भिंतीपासून ओढून घेतला. म्हणाले, आमच्या मंडळींच्या डाव्या पायात पहाटे गोळा येतो, तिला त्या बाजूने उतरावे लागते. न्हाणीघरातील नळ कित्येक महिने गळत होता, तोही नीट करून दिला. चहा घ्या म्हटले, घेतला नाही. पोहोचले का ते घरी?"

 सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी नातवंडांची शपथ घेतली. ज्ञानोबानं या वेळी माझी गचांडी धरली नाही, कारण त्यानं माझं तोंड बघितलं होतं. आणि वहिनींच्या पायात गोळा येतो हे मला काय, त्यांच्या लेकीलाही ठाऊक नव्हतं. ती आईच्या पायाकडं बघत होती.

वहिनी उठल्या. फोन माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांत धरला.

"ताई, मी सुशीला बोलते. एकच सांगा. घरात येताना त्यांनी पायातलं बाहेर काढलं होतं का?"

तिकडं बाईंनी आवाज खाली आणला. वारा वाहत असावा, फोनमध्ये घूं घूं येत होतं.

"क्षमा करा, मी हे सांगणार नव्हते. पाहुण्याला कसे बोलावे? मी दोनदा विनंती केली. परंतु ते तसेच बूट घालून आत आले. फरशीवर तेलाचे काळे डाग पडले आहेत. सकाळपासून पुसते आहे, निघत नाहीत."

वहिनींनी आमच्याकडं बघितलं. आणि हसल्या! बाळू गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, पोट धरून हसल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "गुलाबभावजी, माळ्यावरची बॅग काढा."