शेजारीणबाईंची वाइन

आमच्या शेजारीणबाई दर नाताळला काळ्या, पन्नीर जातीच्या द्राक्षांची वाइन घरीच करतात आणि गल्लीत घरटी एक बाटली देतात. जुनी बाटली धुऊन परत केली तरच नवी मिळते. द्राक्षं मात्र त्या प्रत्येक घडातून चाखूनच घेतात.

यंदा मीही सोबत होते, तेव्हा फळवाला वैतागला. "अम्मा, विकत घेणार की इथंच जेवणार?"

"द्राक्षं म्हणून पाणी विकतोस आणि वर बोलतोस?"

"मी काय करू? तिकडे कंबमच्या द्राक्षमळ्यांत हल्ली ऐन काढणीत पाऊस येतो."

मी सुचवलं, "साखर वाढवा."

"मग साखरेचीच वाइन म्हणा, अक्का," शेजारीणबाई मला म्हणाल्या.

तरी त्यांनी वाइन घातली. नाताळच्या आदल्या दिवशी मी धुतलेली बाटली घेऊन गेले, तर वाइनची बरणी ओतून देऊन अंगणात पालथी घातलेली होती. त्यांनी मला केक दिला आणि बाटली रिकामीच परत केली.

"पुढच्या वर्षी द्राक्षं गोड आली, तर आणा."