सुकदेवचा हात मी घालवला

“हाड साधंच मोडलं होतं. हात गेला तो आवळलेल्या पट्टीनं,” धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले. ‘कॉन्ट्रॅक्चर’ हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. रक्त न पोचल्यानं स्नायू मरतो, आक्रसतो आणि बोटं आत ओढून घेतो. माझा चुलतभाऊ सुकदेव बाहेर बाकावर बसला होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं तशीच वळली होती.

आमचं गाव आजही म्हणतं की प्लास्टर घालून डॉक्टरनं हात घालवला. हे खोटं आहे. ते मीच पसरवलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात हुतूतूचा संघ होता, मी कप्तान. सरावात सुकदेव तळहातावर पडला आणि कोपराखाली हाड मोडलं. तालमीतले वस्ताद हाडं बसवत. त्यांनी हळद-तेल लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. आमच्याकडे रीत अशी, की पहिले पाच दिवस पट्टी सोडायची नाही. तरी परगावी कुस्त्यांना निघताना वस्ताद मला बजावून गेले, “बोटं गार पडली तर रीत बघू नको. सैल कर.”

दुसऱ्या दिवशी बोटं गार पडली. निळसर, बधिर झाली. सुकदेव म्हणाला, “भाऊ, या बोटे मन्हा शेतस का दुसराना, समजत नही.”

“गडी शे का बाई शे रे तू?” मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

शिंदखेड्याचा सामना दीड-दोन महिन्यांवर होता. पट्टी सोडली तर हाड हलेल आणि माझा गडी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाचव्या दिवशी सोडली, तेव्हा चिमटा काढला तरी त्याला कळेना. मग धुळे. डॉक्टरांनी हाडाला प्लास्टर घातलं, महिनाभर जमेल ते केलं.

आता तुम्हाला सांगतो. मुरगळणं म्हणजे स्प्रेन, सांधा निखळणं म्हणजे डिसलोकेशन, हाड मोडणं म्हणजे फ्रॅक्चर. बाहेरून तिन्ही सारखीच सुजतात. मालिश करू नका, ओढू नका, आहे तसा हात आधार देऊन एक्स-रे असलेल्या दवाखान्यात जा. पट्टी बांधल्यावर दुखणं वाढलं, बोटं गार, निळी किंवा बधिर झाली, तर त्याच क्षणी सैल करा आणि तडक निघा. कप्तानाला विचारू नका.

माझी मुलं म्हणतात, “नाना, या वयात हे लिहिता कशाला?” कशाला म्हणजे? माझ्या खोट्यामुळे गाव दवाखान्याला भ्यालं. लोकांना रागवायचं तर रागवू द्या. वस्तादांचा दोष नव्हता, डॉक्टरांचा नव्हता.

अजून एक उरलं आहे. धुळ्याला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, “मुंबईला ऑपरेशन होतं. बोटं थोडी उघडतील. त्याला सांगा.” मी बाहेर आलो आणि सुकदेवला म्हणालो, “काही इलाज नाही.” तिथले डॉक्टर पट्टीबद्दल त्याला विचारतील आणि माझी चूक बाहेर येईल, याची मला भीती होती.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या ओट्यावर बसून मी हे त्याला सांगितलं. तो डाव्या हातानं शेंगा फोडत होता. थांबला.

“उजवा हातवरी जेवतू का मी?”

“कदाचित जेवला असतास.”

“मंग तसंच लिख. मन्हं नाव टाकीसन लिख.”

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. नाव टाकलं आहे.