फाईलवरचा गेरू

त्या दुष्काळाच्या वर्षांत औरंगाबादला आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं, आणि बीड बायपासला मात्र जिकडं बघावं तिकडं नव्या इमारती उठत होत्या. मी तेव्हा एका खासगी हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये नर्स होते. हाताच्या किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आक्रसलेली वाहिनी फुग्यानं उघडतात, ती खोली म्हणजे कॅथलॅब. आमच्याकडं आजोबांपर्यंत सगळ्यांनी भिक्षुकी केलेली, वडील कचेरीत कारकून. मी रोज रक्तात हात घालते याचं आत्याला शेवटपर्यंत नवल वाटलं.

एका सकाळी पाचोडकडचे एक मेंढपाळ आले, साठीच्या आसपासचे. गावाकडचा चारा संपला तसे ते कळप घेऊन शहराच्या कडेला उतरले होते. बायपासलगतच्या मोकळ्या प्लॉटांवर मेंढ्या चरायच्या, बांधकामावरचा वॉचमन हौदातलं पाणी पाजू द्यायचा. दोन दिवस छातीत दुखत होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी चालता चालता मटकन खाली बसले, तेव्हा बायकोनं त्यांना रिक्षात घालून आणलं.

गोळ्यांनी दुखणं बरंच ओसरलं. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, "थांबायला नको, आजच करू."

नळी आत असताना तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं. त्यासाठी आमचं रोजचं औषध हेपरिन. नेहमी हाताशी असलेलं, स्वस्त, आणि जास्त झालंच तर त्याला उतारा असतो. दुसरं बायव्हॅलिरुडिन, त्यामानानं नवं आणि महाग. त्याला उतारा नाही, पण थांबवलं की थोड्या वेळात आपोआप ओसरतं. यातलं कोणतं बरं, यावर आमचे डॉक्टर आणि टेक्निशियन चहा गार होईपर्यंत भांडत. टेक्निशियन नव्याच्या बाजूचा. डॉक्टर म्हणत, "ज्याचे गुण-दोष मला पाठ आहेत, ते मी उगाच का सोडू?"

मी हेपरिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं आणि संमतीपत्रावर अंगठा घ्यायला बाहेर आले. पेशंटची बायको भिंतीला टेकून बसली होती; मी त्यांना मावशी म्हणायला लागले होते. त्यांनी पिशवीतून एक जुनी फाईल काढून माझ्या हातात दिली. वरच्या पुठ्ठ्यावर तांबडा पट्टा होता. मला वाटलं, माती लागली असेल. मी हातानं पुसायला गेले.

"पुसू नका, सिस्टर! गेरू हाय त्यो. म्या लावलाय."

"कशाला?"

"एखाद्या मेंढीला सुई बाधली की आमी तिच्या पाठीवर गेरू लावतो. म्हंजी परत कुणी ती सुई देत नाय. ह्यांना मागच्या साली बाधली व्हती. आता ह्यांच्या पाठीला कसा लावू? फाईलीला लावला."

मी त्यांच्या शेजारीच बसले. "कसली सुई, मावशी? नीट सांगा."

"पाय मोडला व्हता. दवाखान्यात रोज पोटाला सुई द्यायचे, रक्त गोठू नये म्हून. आठ दिस झाले आन् सुई टोचली तिथं काळं पडलं. रक्तातलं काय तरी लई कमी झालं म्हनले, आन् सुई बंद केली."

मी फाईल मांडीवर उघडली. कागद उलटत गेले. मोडक्या पायाचे एक्स-रे, ड्रेसिंगच्या चिठ्ठ्या, आणि शेवटी ते सापडलं: हेपरिन चालू, आठव्या दिवशी प्लेटलेट घसरल्या, हेपरिन बंद, पुन्हा देऊ नये. ते 'पुन्हा देऊ नये' पानाच्या तळाशी इतकं बारीक लिहिलं होतं की गेरू नसता तर मी पान उलटून पुढं गेले असते. क्वचित कुणाला हेपरिननं असं उलटं होतं. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषधच गुठळ्या करायला लागतं.

मी फाईल घेऊन आत पळाले. डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सगळं टाका. टेबलवर हेपरिनचा थेंबसुद्धा नको." नळ्या धुवायच्या पाण्यातही ते घातलेलं असतं. भांडी, बाटल्या, सगळं उचललं आणि साध्या सलाईनवर टेबल नव्यानं मांडलं.

अडचण एकच, नवं औषध आमच्याकडं नव्हतं. डॉक्टरांनी फोन करून दुसऱ्या एका हॉस्पिटलातून दोन बाटल्या मागितल्या आणि त्या आणायला मी स्कूटीवर निघाले. जालना रोड खणलेला, मध्येच पाण्याचा टँकर आडवा. त्याच्यामागं उभं राहून मी त्या ड्रायव्हरवर आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडले. तो हसून म्हणाला, "घ्या ना बाई, देतो जागा!" आणि त्यानं खरंच जागा करून दिली.

परत आले तेव्हा पेशंट टेबलवर शांत पडले होते. म्हणाले, "आलं का माझं औषध? लई ताठ्याचं दिसतंय, आनायला मानूस पाठवावा लागतो." टेक्निशियन फिस्सकन हसला.

वाहिनी उघडली, ती उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसला, रक्त कुठं वाहिलं नाही. बाहेर येऊन डॉक्टरांनी मावशींना हात जोडले. "तुम्ही आज आम्हाला वाचवलंत." मावशी म्हणाल्या, "व्हय का? मंग मेंढ्यांकडं जाऊ का आता?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर एक ओळ वाढली: 'आधी कोणती सुई बाधली होती का?' नुसतं 'अ‍ॅलर्जी' म्हटलं की लोक नाही म्हणून मोकळे होतात. चहाच्या वेळचं भांडण मात्र मिटलं नाही. टेक्निशियन म्हणायचा, "बघा, नवंच कामाला आलं." डॉक्टर म्हणायचे, "त्यांच्यासाठी. उद्याच्या पेशंटला मी जुनंच देईन." आणि दिलंही.

महिन्यानं तपासणीला ते मेंढपाळ आले नाहीत. गारखेड्यातल्या माझ्या घरापासून ते प्लॉट जवळच, म्हणून एका रविवारी बीपीचं मशीन घेऊन मीच गेले. ते बाजेवर बसून लोकर निवडत होते. गोळ्या डबीत मोजून ठेवलेल्या, एकही चुकलेली नाही.

"मग आला का नाहीत?"

"बरं वाटतंय की. बऱ्या मानसानं दवाखान्यात कशाला जावं?"

मी रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशींनी चहाची कपबशी हातात दिली आणि शेजारच्या मेंढपाळांच्या पालांकडं बघून हाक मारली, "या गं, सिस्टर मशीन घेऊन आल्यात!" बघता बघता सात-आठ बाया रांगेत बसल्या, प्रत्येकीची बाही कोपराच्या वर. एकीचं बीपी खरंच वाढलेलं निघालं. तिला सोमवारी घेऊन येईन, असं मावशींनी मला वचन दिलं आणि नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांना बी आनते, कान धरून."

सोमवारी दोघं आले, आणि सोबत ती बाईसुद्धा.