नाव उगाच घ्यायचं नाही

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव उगाच घ्यायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो मी केलेला नाही. मी केलेला एखादा नियम या घरात कुणी पाळल्याचं मला आठवत नाही.

कुत्रा लॅब्रॅडॉर आहे, रंगाने शेंगदाण्याच्या कुटासारखा. माझ्या मुलाने तो आणला तेव्हा कंपनीने सगळ्यांना घरूनच काम करायला सांगितलं होतं आणि मुलगा पुण्याहून जिंतूरला येऊन राहिला होता. त्याची आई त्याआधीच गेलेली. घरात आम्ही दोघे पुरुष, आणि बोलणं जवळजवळ शून्य. तसा मी मुका माणूस नाही. माझी सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली, खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारण्यात. "परभणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," हे मी झोपेतसुद्धा म्हणतो, अशी बायकोची तक्रार होती. पण मुलाशी बोलणं वेगळं. आमच्याकडे बाप आणि मिशा फुटलेला मुलगा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मधे आई लागते. "त्याला म्हणावं, दाढी कर." "अण्णांना विचार, गोळ्या घेतल्या का." तिघं एकाच खोलीत हातभर अंतरावर बसलेले असायचो आणि निरोप तिच्याकडून फिरून यायचे. ती गेली आणि आमचं बोलणंच बंद पडलं.

कुत्रा आला आणि ते पुन्हा सुरू झालं. मुलगा त्याच्या कानाशी म्हणायचा, "अण्णांना सांग, भाजी लय खारट झाली." मी म्हणायचो, "त्याला म्हणावं, उद्या सोताच्या हातानं कर." कुत्रा दोघांकडे आळीपाळीने बघत शेपूट हलवायचा. बायकोने हे ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती.

पुढे कंपनीने परत बोलावलं. पुण्यातल्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता, म्हणून मुलगा गेला आणि कुत्रा माझ्याकडे राहिला. रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल यायचा. मी मोबाईल कुत्र्याच्या नाकासमोर धरायचो. पलीकडून मुलगा नावाचा नुसता जप करायचा, मग म्हणायचा, "अण्णांना विचार, जेवले का." मी कुत्र्याच्या डोक्यावरून म्हणायचो, "त्याला सांग, जेवलो." त्याला कुत्र्याचं नाक दिसायचं आणि मला वरून त्याचे केस. एवढ्यावर माझा दिवस निघायचा. तो फोन माझ्यासाठी नसतो हे मला कळत होतं, पण येत होता ना.

अडचण एकच होती. मोबाईलमधून मालकाचा आवाज आला की कुत्रा मोबाईलकडे बघायचाच नाही. तो गेटकडे धाव घ्यायचा. आवाज आहे म्हणजे माणूस आलाय, असा त्याचा हिशेब. एके संध्याकाळी त्याने गेटवरून उडी मारली ती थेट शेजारच्या म्हातारीच्या अंगावर. बिचारी दूध घेऊन चालली होती. हाताला प्लास्टर बसलं. तिच्या लेकाने अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलमध्ये मुलगा कुत्र्याला म्हणाला, "अण्णांना म्हणावं, तुमच्यानं होत न्हाई. माझ्या दोस्ताचं शेतावर घर हाय, मी तुला तिकडं ठेवतो."

कुत्रा गेला तर संध्याकाळी फोन कशाला येईल? मला बघायला? मी घाईघाईने म्हणालो, "त्याला सांग, मी शिकवणी लावतो तुला."

परभणीत एक मुलगी घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवते असं कानावर होतं. ती स्कूटीवरून आली, कमरेला उकडलेल्या चिकनचे तुकडे भरलेली पिशवी बांधून. गल्लीला महिनाभराची करमणूक मिळाली. "कंट्रोलरसाहेब, पोरगं पास होईल का?" असं लोक मुद्दाम थांबून विचारायचे. मी त्यांना काय उत्तरं दिली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

कुत्र्याला शिकवायला आलेल्या मुलीने आधी मलाच धारेवर धरलं. मी "थांब" म्हटलं की म्हणायची, "काका, ओरडायलात कशाला? त्याला काय गाडी पकडायची हाय का?" एकदा म्हणायचं, हळू म्हणायचं, आणि ऐकलं की लगेच तुकडा द्यायचा. तीस वर्षं माईकवर एकेक गाडी तीनतीनदा पुकारलेल्या माणसाला हे जड गेलं. पण कुत्रा गेट उघडं असताना पायरीवर बसून राहायला लागला, तेव्हा मी तोंड आवरलं.

एक दिवस तिला उशीर झाला आणि ती असतानाच मुलाचा फोन आला. कुत्र्याने शिकलेलं सगळं विसरून गेट गाठलं. तिथे उभा राहून त्याने रस्ता हुंगला, दोन्हीकडे बघितलं आणि मान खाली घालून परत आला. तिने ते नीट पाहिलं आणि फोन संपल्यावर म्हणाली, "काका, रोज असंच हाय का?"

मी हो म्हणालो.

"नाव घेतलं की समोर कुणीतरी पाहिजे. हा रोज हाक ऐकायलाय, पळायलाय, आन तिथं कुणीच न्हाई. लय वाईट हाय हे त्याच्यासाठी. नाव उगाच घ्यायचं न्हाई बघा. फोनवर तर बिलकूल न्हाई."

मला म्हणायचं होतं, बाई, ह्या नावावरच तर आमचं घर चाललंय. पण कुत्रा ठेवायचा तर शिकवणी पुरी करायला हवी होती. मी म्हणालो, "बरं."

मुलाला नियम कळवला. कळवला म्हणजे शेवटचं एकदा कुत्र्याकरवीच सांगितला. पुढच्या संध्याकाळी कुत्रा आतल्या खोलीत चटईवर आणि स्क्रीनवर आम्ही दोघेच. त्याचा अख्खा चेहरा मी कितीतरी दिवसांनी पाहिला. वाळला होता. कानाजवळ दोनचार केस पांढरे दिसत होते.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवलो."

मग त्याच्याकडच्या पंख्याचा आवाज येत राहिला. "ठेवतो," तो म्हणाला.

पुढे फोन एक दिवसाआड झाला, मग आठवड्यात एखादा, आणि मग तोही नाही.

कुत्रा मात्र सुधारत गेला. बाजारात माझ्या डाव्या गुडघ्याला लागून चालायचा. प्लास्टर निघालेली म्हातारी गेटसमोरून गेली तरी जागचा हलला नाही, उलट तिनेच त्याला भाकरी दिली. शेवटच्या दिवशी ती मुलगी खुशीत म्हणाली, "आता ह्याला कुठं द्यायची गरज न्हाई, काका." मी तिला चहा पाजला, आभार मानले आणि ती गेल्यावर बराच वेळ ओट्यावर बसलो. खरं सांगतो, तो शहाणा झालेला कुत्रा मला बघवत नव्हता. दिवे लागले की माझे कान त्या नावासाठी आसुसायचे, मुलाच्या तोंडच्या त्या नावासाठी. घरात मी स्वतःही ते उगाच घेऊ शकत नव्हतो.

परवा फोन आला. ना सण, ना सुट्टी.

"शिकला का तो?" मुलाने विचारलं.

"शिकला."

"कुठंय?"

"चटईवर बसलाय."

पलीकडे पुन्हा पंखा. मला वाटलं, आता ठेवतो म्हणेल. तो म्हणाला, "आन तुमी?"

सवयीने माझी मान कुत्र्याकडे वळली. त्याचं नाव अगदी ओठांवर आलं, त्याला सांग, म्हणून. कुत्र्याने डोकं उचलून माझ्याकडे पाहिलं. मी नाव गिळलं. साऱ्या तालुक्याच्या गाड्या पुकारल्या मी, पण हे एवढंसं बोलायला दोनदा सुरुवात करावी लागली.

"मी बी बसलोय," मी म्हणालो. "तुझी वाट बघायलोय."

मग तो म्हणाला, "अण्णा."

तेवढंच. पण मधे कुणी नसताना त्याने मला याआधी कधी हाक मारली होती, ते आठवेना. चटईवरचा कुत्रा हलला नाही. मी उठलो, मोबाईल कानाशी तसाच धरून अंगण ओलांडलं आणि गेट उघडलं. दोन्हीकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.