विलायती दुनळीची खंडेनवमी

जुनी इंग्लिश बंदूक बाळगणं हा अत्यंत शांत छंद आहे. शांत अशासाठी, की ती बहुतेक वेळा दुरुस्तीलाच असते.

नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावातले बाकीचे मराठी इंजिनिअर रविवारी सायकली पुसतात; मी क्लबात मातीच्या उडत्या चकत्यांवर नेम धरतो. त्यासाठी पोलिसांचा परवाना काढला आणि शंभर वर्षांची ही दुनळी घेतली. अक्रोडाचा दस्ता, चापाशेजारी फुलापानांची नक्षी! नेहमीची काडतुसं तिला झेपत नाहीत, हलकी मागवावी लागतात (पथ्यपाणीच म्हणा ना!). चापही दोन. घाईत दोन्ही ओढले, की माझा खांदा आठवडाभर ठणकतो.

"हिचे करतोस त्याच्या निम्मे लाड माझे कर," इति मुग्धा, माझी बायको.

गेल्या वर्षी दसऱ्यासाठी आई पुण्याहून आली होती. ऐन दसऱ्याच्या सकाळी बेल वाजली. दारात पोलीसबाई! परवानेवाल्यांकडे त्या न सांगता तपासणीला येतात.

"बंदुकीच्या कपाटाचा कोड कोणाकोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"फक्त मला!" मी छाती काढून म्हणालो. "बायकोलासुद्धा नाही!"

आणि ऐटीत कपाट उघडलं.

दुनळी झेंडूचा हार घालून उभी होती! दस्त्यावर हळदीकुंकवाची बोटं, पुढ्यात वाटीत शिरा!

पोलीसबाई दोन पावलं मागे सरल्या. "हे लाल काय आहे?"

"रक्त नाही!" मी किंचाळलो. (हे इतक्या जोरात सांगायला नको होतं.)

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "अरे, काल खंडेनवमी नव्हती का? घरात शस्त्र आहे, पूजा नको?"

"पण आई, कोड?"

"तुझी जन्मतारीख! तुला दुसरं काय सुचणार? शाळेतल्या कुलपालासुद्धा तीच होती!"

"त्या काय म्हणतायत?" पोलीसबाईंनी विचारलं.

मी काहीतरी थाप शोधत होतो. पण मुग्धाने इमानेइतबारे डचमध्ये भाषांतर केलं. शब्दन् शब्द! कुलपासकट!

परवाना गेलाच, असं मी धरून चाललो. बाई मात्र चहा संपवून शांतपणे म्हणाल्या, "बंदूक मी नेते. कोड बदला, मग बघू."

महिनाभर मी क्लबाची साधी, रंग उडालेली बंदूक वापरली. पहिल्याच रविवारी पंचवीसपैकी अठरा चकत्या फुटल्या!

"एवढा नेम होता तर इतके दिवस लपवलास कशाला?" प्रशिक्षकांनी पाठ थोपटली.

मी नम्रपणे हसलो. दुनळीने आजवरचा माझा विक्रम चार चकत्यांचा आहे. त्यातली एक शेजारच्या नेमबाजाची होती!